मंगळवारचे समाजमंदिर

मित्रांनो, मी एक जुने समाजमंदिर आहे. मुरबाड तालुक्यात, धसईच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला माझे गाव आहे. १९९२ साली गावकऱ्यांनी श्रमदानाने मला बांधले. एक लांब खोली, पुढे ओटा, वर कौले.

गावात शाळा सोडली तर दुसरी सार्वजनिक इमारत नव्हती, म्हणून सगळी कामे माझ्याकडेच आली. सकाळी हिराबाईंची अंगणवाडी भरे, दुपारी पंचायतीचे कामकाज चाले. मंगळवारी मात्र रेशनची गाडी आणि नर्सबाई एकाच दिवशी येत. ही हिराबाईंची युक्ती. तांदूळ घ्यायला आलेल्या आईच्या कडेवरचे मूल त्या वजनकाट्यात बसवत, नर्सबाई सुई टोचत. एकही मूल सुटत नसे. तालुक्याच्या साहेबांनीही एकदा माझे कौतुक केले होते.

२००३ साली नवे साहेब आले. एका खोलीत धान्य, कागद आणि मुले हा गोंधळ आहे, प्रत्येक कामाला स्वतंत्र इमारत हवी, असे त्यांनी सांगितले. सरपंच अनंता खूश झाला. रेशन फाट्यावर गेले, दवाखाना पलीकडच्या माळावर, अंगणवाडी शाळेमागे. मला कुलूप लागले.

पुढच्या आवणीत, भातलावणीच्या दिवसांत, हिराबाईंनी मजुरीला निघालेल्या सावळीला माझ्या ओट्यापाशीच गाठले. तिची धाकटी मुलगी चार महिने वजनाला आली नव्हती.

"कुठं कुठं जाऊ, बाई?" सावळी म्हणाली. "फाट्यावर गेले का दिवस जातो. मजुरी सोडून माळावर कवा जाऊ?"

हिराबाईंनी उद्या स्वतः घरी येते म्हणून सांगितले. त्या गेल्या तेव्हा पोर मान धरत नव्हती. मुरबाडच्या दवाखान्यात न्यायला जीप मिळेपर्यंत दुपार झाली. मुरबाडच्या अलीकडेच सगळे संपले. परतल्यावर हिराबाई घरी गेल्या नाहीत. माझ्या ओट्यावर बसून राहिल्या.

"आपला मंगळवार चालू असता तर ती माझ्या डोळ्यासमोर आली असती," एवढेच त्या म्हणाल्या.

२००८ साली तिसरे साहेब नकाशा घेऊन आले. शहरांत आता नवा विचार आहे, म्हणाले. वाचनालय, दवाखाना, कार्यालय, सारे एका छपराखाली. त्याला बहुउद्देशीय इमारत म्हणतात.

"साहेब, आमी इथं हेच करत होतो," हिराबाई म्हणाल्या.

साहेब हसले. ही वेगळी संकल्पना आहे, म्हणाले. नव्या इमारतीसाठी माझी कौले उतरवली. मग मंजुरी अडकली. साहेबांची बदली झाली. हिराबाईही निवृत्त झाल्या. माझ्या भिंती पावसात भिजतात, आत रान वाढले आहे. आता मला कोणी दुरुस्त करील असे वाटत नाही.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी असे नकाशे काढील. नव्या इमारती जरूर बांधा. पण दवाखाना कुठे हवा, हे कडेवर मूल घेऊन चालत येणाऱ्या बाईला आधी विचारा. सावळीला कोणी विचारले नव्हते.