आईच्या जास्वंदीचा विषाणू

"आजवर कुणीच न वाचलेलं निसर्गाचं एक पान मानवजातीपुढे उलगडलं आहे," असं माझा मेहुणा आमच्या दारात उभा राहून म्हणाला.

"ते पान माझ्या जास्वंदीचं आहे," बायको म्हणाली. "आणि बूट बाहेर काढ."

मेहुणा वनस्पतींच्या विषाणूंचा शास्त्रज्ञ. जग त्याला डॉक्टर म्हणतं, त्याची ताई पिल्लू म्हणते. पिल्लू पंचावन्नचा आहे.

जास्वंद या भावंडांच्या आईची. आई गेल्यावर कुंडीसकट आमच्याकडे आली. लाल फुलावर पांढऱ्या रेषा, आणि एकासारखं दुसरं फूल नाही. येणारा-जाणारा थांबून बघायचा. मागे एकदा पिल्लूने पान उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाला, "ताई, ही शोभा नाही, आजार आहे."

"आईला तूसुद्धा शोभाच वाटायचास."

तरी त्याने चार पानं नेलीच. ती कुटली, त्यांतून आरएनए काढला. यंत्राने त्याचे बारीक तुकडे वाचले आणि फाडलेलं पत्र जुळवावं तसे संगणकाने ते टोकाला टोक लावून जोडले. मग जगभरच्या विषाणूंशी ताडून पाहिलं. चुलत भावंडं बरीच निघाली, सख्खं कुणी नाही. साम्य ठरलेल्या मर्यादेच्या खाली, म्हणजे प्रजाती नवी.

त्या दिवशी दारात ऐकलं ते भाषण शोधनिबंध छापून आल्याचं होतं. नमुना कुठून घेतला ते अशा निबंधात सांगावं लागतं, म्हणून आमचा पत्ता त्यात होता. आणि शेवटी एक वाक्य होतं: 'संसर्गित झाडे त्वरित नष्ट करावीत.' हे वाक्य अशा प्रत्येक निबंधाला शेपटासारखं असतं. ते कुणी वाचत नाही. लिहिणाराही नाही.

वनस्पती संरक्षण खात्यात नव्यानेच लागलेल्या एका अधिकारी मुलीने वाचलं. पुढच्याच आठवड्यात ती दोन माणसं घेऊन आली, माफी मागितली, आणि जास्वंद मुळासकट पिशवीत घालून जाळायला घेऊन गेली.

संध्याकाळी पिल्लू धावत आला. बूट न सांगता बाहेर काढले.

"ताई, ते वाक्य सगळेच लिहितात गं."

"हो ना."

"कुणी वाचत नाही."

"तिने वाचलं. गुणी मुलगी. जाताना सांडलेली माती झाडून गेली."

त्याने रोपवाटिकेतून नवी जास्वंद आणली होती. तिला एक फूल होतं, लालभडक, एकही रेघ नसलेलं.

"ही निरोगी आहे," तो म्हणाला.

"दिसतंय."

मग तो चपलांच्या फळीवर बसला. विषाणूचा पूर्ण जीनोम संगणकात आहे, म्हणाला, अक्षरन् अक्षर. उरलेली पानं फ्रीझरमध्ये आहेत, उणे ऐंशी अंशांत.

"तिथे फुलतं का?" बायकोने विचारलं.

मी पेपर चाळायला घेतला. तो कालचा होता.

"एक फांदी आधी लावून ठेवायला हवी होती," पिल्लू म्हणाला. "रोगट तर रोगट. आईचं मलाही तेवढंच होतं, ताई. मी दर वेळी इथे यायचो ते काय भाऊजींना बघायला?"

मी पान उलटलं. बायकोने नव्या रोपाला भांडंभर पाणी घातलं आणि ते दाराच्या दुसऱ्या बाजूला ठेवलं. जुन्या कुंडीच्या जागी नाही.

"पिल्लू," ती म्हणाली.

"काय गं?"

"ती रिकामी कुंडी तेवढी जिन्याखाली सरकव. माझी कंबर धरलीय."