हसायची नोकरी

"आज तरी तोंड उघडा की ओ! का गाडीला दोन न्हाई, तीन बैल हायती म्हून सांगू साह्यबाला?"

पद्मावतीनं चुलीपुढूनच नवऱ्यावर शब्द फेकला. प्रतापराव गाडीच्या जुवावर हात ठेवून उभा होता. डोक्याला गुलाबी फेटा, अंगात चकचकीत बंडी, पायात करकरीत वहाणा. सजवलेला नवरदेवासारखा, आन् तोंड मात्र मयताला जाऊन आल्यासारखं. त्यानं बायकोकडं बघितलंसुद्धा नाही. बैलांच्या शेपट्यांकडं बघत तसाच उभा राहिला.

हैदराबाद संपतं संपतं म्हणता जिथं खरंच संपतं, तिथं चेवेळ्याच्या रस्त्याला 'मातीमाय' नावाचं हे रिसॉर्ट. आधी लोकांनी आपापली गावं सोडली, मग शहराचा वीट आला म्हणून हे गाव विकत आणलं. झोपड्या मातीच्या, पण आत एसी. भिंती शेणानं सारवल्यासारख्या, पण शेणाचा वास पाहुण्यांना सोसत नाही, म्हणून तो नुसता रंग. चिखलात अनवाणी चालायला वीस पावलांची एक पट्टी केलेली, आन् तिथली माती चाळून आणलेली, कुणाला खडा टोचू नये म्हणून. शहरातल्या बाया त्यात पाय घालून किंचाळायच्या, फोटो काढायच्या आन् लगोलग गरम पाण्यानं पाय धुवायच्या. पद्मावती म्हणायची, "आमचा जलम गेला चिखलात, कुण्या रांडंच्यानं एक फोटू काढला न्हाई."

दिवाळीनंतर सोयाबीन निघालं की देगलूरकडची आठ-दहा जोडपी इथं यायची. लग्नसराई सरेपर्यंत राहायची, पेरणीच्या ओढीनं परत जायची. बायांनी नऊवारी नेसून पाहुण्यांपुढं भाकरी थापायच्या. गड्यांनी गाडी हाकायची, मोट ओढायची. मोटेखाली विहीर नव्हती, तो भाग वेगळा. आन् सगळ्यांनी हसायचं. हसणं कामातच धरलेलं होतं. पाहुणा दिसला की "राम राम पाव्हणं!" म्हणायचं, तेबी बत्तीशी दाखवून.

तीन वर्षांमागं आला तवा प्रतापराव ह्या कामात सगळ्यांचा बाप होता. बैलाचे दात बघून त्याचं वय सांगायचा, पाहुण्यांच्या पोरांना आपली मिशी ओढू द्यायचा. पण ह्या वर्षी संक्रांत झाली आन् गड्याचं काहीतरी बिनसलं. आधी झोप गेली. मग भूक गेली. भाकरी पुढ्यात घेऊन बसायचा, चतकोर मोडायचा आन् बोटांत चुरत राहायचा. दिवसभर तळ्याभोवती पंचवीस-तीस फेऱ्या, घाण्याच्या बैलासारखा. पाहुणे गाडीत नाचायचे आन् हा पुढं बघत बसायचा. एकानं फोनवर लिहिलं, गाडीवाला उद्धट आहे, हसत नाही. तिथून पुढं साहेबाचा रोज तगादा.

पद्मावतीला वाटलं, नखरे. तिनं तसं तोंडावर म्हटलंही. "मला न्हाई का झोप येत त्या डीजेच्या दणक्यात? मी बसले का तोंड पाडून? बाईला वेळ नसतो, म्हून बाईला असली दुखणी होत न्हाईत." एकदा मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. एकदा शिव्या दिल्या. दोन्हीचा गुण सारखाच आला.

मग फेब्रुवारीत 'आनंद सप्ताह' आला.

तो काढला चिन्मयसाहेबानं. हा पुण्याचा पोरगा, अठ्ठावीस-तीसचा, माणसांचं खातं सांभाळायला ठेवलेला. बोलायला गोड, चालायला घाईत, हातात सदा फोन. कुणाला दुखलं की म्हणायचा, "पॉझिटिव्ह राहा." त्यानं शेडच्या दाराशी एक फळा लावला. त्यावर तीन तोंडं, हिरवं हसरं, पिवळं मधलं आन् लाल रडकं. रोज सकाळी कामाला जाताना ज्याला जसं वाटतं त्या तोंडाला टिकली लावायची. पहिल्या दिवशी दोघांनी खरंखुरं लाल तोंड धरलं. चौथ्या दिवशी दोघांचाही सीझन संपला म्हणून गावाकडं पाठवणी झाली. पाचव्या दिवशी सगळा फळा हिरवागार, उन्हाळ्यात पीक डोलावं तसा. चिन्मयनं त्याचा फोटो मालकाला धाडला.

सप्ताहाच्या शेवटी शहरातून ईशा म्याडम आली. पांढरे कपडे, कानाला माइक. सगळ्यांना हिरवळीवर बसवून म्हणाली, "डोळे मिटा. पोटात एक फुगा आहे असं समजा." बायांनी पदर तोंडाला लावून हसू दाबलं. मग म्याडम एकेकाला विचारत चालली, तुम्हाला आनंद कशानं होतो? कुणी लेकरं म्हटलं, कुणी देव म्हटलं. एकानं साहेबाकडं बघून "हितलं काम" म्हटलं. फिरत फिरत ती प्रतापरावापुढं आली.

"काका, तुम्हाला काय हवंहवंसं वाटतं?"

प्रतापरावानं हिरवळीचं एक पातं उपटलं. मग म्हणाला, "झोपलं की परत उठाय लागू नये. येवढंच वाटतंय."

"वाऽ!" म्याडम म्हणाली. "म्हणजे काकांना छान, गाढ विश्रांती आवडते! टाळ्या!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पद्मावतीनंही वाजवायला हात उचलले, आन् ते हवेतच राहिले. बावीस वर्षं ह्या माणसाशी संसार केला होता तिनं. तो काय म्हणाला ते तिला कळलं. विश्रांती! दुखणं रेड्याला आन् डाग पखालीला म्हणतात ते हेच. पण म्याडमवर चिडावं तर आपण तरी इतके दिवस काय केलं? मोहऱ्या जाळल्या आन् तोंड सोडलं.

तिनं तिथूनच उठून माधवीला फोन लावला. माधवी तिची चुलत नणंद, अंबरपेठेला राहणारी, दिलसुखनगरच्या एका मुलींच्या हॉस्टेलात स्वयंपाकाला होती. सगळं ऐकल्यावर ती म्हणाली, "वैनी, आमच्या हितं एक पोरगी अशीच झालती. अभ्यासाची हुशार, आन् खाणं-पिणं टाकून भिंतीकडं तोंड करून पडायची. तिला एर्रागड्ड्याला नेलं. बरी झाली, परीक्षाबी दिली. दादाला तू उद्याच घिऊन जा. आन् तवर एकट्याला सोडू नको."

एर्रागड्डा! येड्यांचा दवाखाना तो. हैदराबादेत कुणाला येडा म्हणायचं असलं की "ह्याला एर्रागड्ड्याला पाठवा" म्हणतात. पद्मावतीनं स्वतः ती शिवी कितीकांना दिली होती. आता ती घरात आली.

दुसरा दिवस शनिवारचा, आन् मोठं लग्न होतं. ती सकाळीच चिन्मयपुढं उभी राहिली.

"साह्यब, ह्यास्नी दवाखान्यात न्यायचंय. एर्रागड्ड्याला."

चिन्मयनं आधी इकडंतिकडं बघितलं. "काकू, हळू! तो कसला दवाखाना आहे माहितेय ना? पाहुण्यांना कळलं तर? आणि आज? आज नवरदेवाची एन्ट्री बैलगाडीतून आहे. पुढच्या आठवड्यात आपण काकांसाठी ऑनलाइन सेशन ठेवू."

"फुग्याचं का?"

"काकू, प्लीज. थोडं पॉझिटिव्ह..."

"तुमचं पॉझिटिव्ह ठिवा तुमच्या फळ्यावर," पद्मावती म्हणाली. "नवरदेव दुसरा मिळंल. माझा हा येकच हाय."

आन् तिनं नवऱ्याचा दंड धरला आन् फाटकाबाहेर काढला. कपडे बदलायलासुद्धा थांबली नाही. मेहदीपट्टणमच्या बसमध्ये गुलाबी फेट्याचा गडी बघून कंडक्टर हसला, "शादी है क्या चाचा?"

"हौ," पद्मावती म्हणाली. "मैच लेके जारी इनको."

दवाखान्यात बसायला बाकं होती आन् बाकांवर माणसं होती. शिकलेली, अडाणी, बुरख्यातली, टाय लावलेली. साखळदंड घातलेलं कुणीच नव्हतं. पद्मावतीला त्याचंच नवल वाटलं. डॉक्टरीणबाई तेलुगू होती, वयानं तिच्याएवढीच. तिनं फेटा बघितला, पण हसली नाही.

"नींद कब से नै है?"

पद्मावतीच सांगायला लागली तशी डॉक्टरीण म्हणाली, "अम्मा, उनको बोलने दो. टाइम है मेरेकू."

ह्या एका शब्दावर गड्याचा बांध फुटला. टाइम है. महिनाभरात त्याला कुणी असं म्हटलं नव्हतं. हमसून हमसून रडला तो. डॉक्टरिणीनं सरळ विचारलं, मरायचा विचार येतो का? तो म्हणाला, हौ. मग बायकोकडं वळून आपल्या बोलीत म्हणाला, "तू भाकरी थापायलेली असतीस, लोकं फोटू काढायलेली असतात. मला वाटायचं, गाडीवरून उतरावं आन् तळ्यात चालत जावं. बैल आपोआप फेरी पुरी करतेत. कुणाला कळनार बी न्हाई."

पद्मावतीनं त्याचा दंड पुन्हा घट्ट धरला. तिनं विचारलं, "म्याडम, ये पागल हुए क्या?"

"आपको बुखार आया तो आपको पागल बोलते क्या?" डॉक्टरीण म्हणाली. "बीमारी है, दवा है. असर होने को तीन-चार हफ्ते लगते. रात को नींद होना, दिन को कोई साथ होना. हर मंगलवार मेरेकू दिखाना. और उनपे चिल्लाना नक्को."

शेवटचं वाक्य तिला औषधापेक्षा कडू लागलं. पण गिळलं.

परत आले तर चिन्मय फाटकातच. "तुमचा दोघांचा सीझन संपला. आजच्या लग्नाचा विचका झाला."

"बरं झालं," पद्मावती म्हणाली. "मग उद्याच्या दोनशे पाव्हण्यांच्या भाकरी कोण थापतंय? तुमी नेसा नऊवारी. दिसता बी नाजूक."

मागं उभ्या असलेल्या बाया खळखळून हसल्या. त्या सप्ताहातलं खरं हसणं तेवढंच. मग त्या म्हणाल्या, पद्मा गेली तर आमचंबी बोचकं बांधलेलंच हाय. चिन्मयचं तोंड पडलं. शेवटी ठरलं, की प्रतापरावानं गाडीवर बसायचं नाही. गोठ्यात राहायचं, बैलांना वैरण घालायची, धुवायचं. फेटा नाही, बंडी नाही, राम राम नाही. आन् दुपारची एकेक बाई आळीपाळीनं त्याच्यापाशी बसंल.

पहिले पंधरा दिवस काहीच झालं नाही. पद्मावतीला वाटायचं, गोळ्या हायत का शेंगदाणे? ओरडायला तोंड शिवशिवायचं, ती ओठ दाबायची. मग एकदा दुपारी त्यानं भाकरी संपवली आन् म्हणाला, "आजूक येक दे. आन् मीठ कमी पडलंय." बावीस वर्षांत मिठावरून बोललेला तिला खपला नव्हता. त्या दिवशी ती चुलीकडं तोंड फिरवून रडली.

मार्च सरत आला तवा एका सोमवारी, रिसॉर्टला सुट्टी असताना, चिन्मय गोठ्यात आला. शेण चुकवत चुकवत पुढं झाला.

"काकू, तो दवाखाना... जायचं कसं? माझ्या ओळखीच्या एकाला हवं होतं."

पद्मावतीनं त्याच्याकडं नीट बघितलं. डोळ्यांखाली काळं, दाढीची खुंटं. ओळखीचा! तिच्या जिभेवर असं काही आलं होतं, की पोरगा थेट पुण्याला पोचला असता. पण तिच्याआधी प्रतापराव बोलला.

"किती दिस झोप न्हाई तुमाला?"

चिन्मयनं फोन खिशात घातला. मग खाली बघत म्हणाला, "चार महिने. मालकांचे मेसेज रात्रंदिवस... घरी सांगितलं नाही कुणाला."

"उद्या माझी तारीख हाय. संगं चला."

"मी कार काढतो, काका."

"कार नगं. कारमदी माणूस येकटाच पडतो. बसनं जाऊ."

"आन् न्ह्यारी करून या," पद्मावती फणकारली. "तिथं बाकावर चक्कर यून पडलात तर फुगा फुगवायला मी न्हाई."

मंगळवारी तिघं खिडकीशी उभे होते. कारकुनानं मान वर न करता विचारलं, "पेशंट कौन?"

चिन्मयनं पटकन प्रतापरावाकडं बोट केलं.

"हौ, मै," प्रतापराव म्हणाला. "पुराना. और ये बी. नवे हैं."

"नाम?"

चिन्मयनं मागं बघितलं. रांगेत ओळखीचं कुणी नव्हतं. तरी त्यानं नाव सांगितलं ते पुटपुटत.

"सुनाई नै दिया. जोर से बोलो," कारकून म्हणाला.

पद्मावतीनं त्याच्या पाठीत कोपर मारलं, बिथरलेल्या खोंडाला मारावं तसं, फार न लागणारं.

"बोला की, साह्यब."

आन् मग तो बोलला.