अकबरच्या वयाची माणसं

मौलवी खलीलसाहेबांनी शरियतचा तो मसला माजिदाला समजावून सांगितला नसता, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण विद्वान माणसाला ऐकणारं कुणी मिळालं की राहवत नाही. माजिदाने विचारलं होतं एवढंच: माझा नवरा सात वर्षांपूर्वी मुंबईला गेला, बोटीवर भट्टीत कोळसा टाकायच्या कामाला लागला, आणि तेव्हापासून त्याचा ठावठिकाणा नाही, तर मला दुसरा निकाह करता येईल का? 'नाही' म्हणून मौलवींना मोकळं होता आलं असतं. पण त्यांनी ओसरीवर ऐसपैस मांडी घातली, दाढीवरून हात फिरवला आणि सुरुवात केली.

"बेपत्ता माणूस वारला असं कधी धरायचं, ते किताबांत ठरलेलं आहे, बेटी. त्याच्या गावात त्याच्या वयाचे जेवढे पुरुष आहेत, ते सगळे गेले की तोही गेला असं समजायचं. मग तू इद्दतीला बसायचं, चार महिने दहा दिवस त्याचा शोक पाळायचा. इद्दत सरली की तू मोकळी."

"अकबर आता बत्तिशीचा असेल," माजिदा म्हणाली. "त्याच्या वयाचे सगळे जाईपर्यंत माझी हाडं तरी उरतील का?"

"सब्र कर."

हा शब्द ऐकला की माजिदाच्या तळपायाची आग मस्तकाला जाई. तिच्या घरात सब्र कमी नव्हता. ती राहायची रोशनबी फुफीकडे, म्हणजे बापाच्या बहिणीकडे, चौक मंडईच्या मागच्या गल्लीत. वीस वर्षांमागच्या मोठ्या लढाईत फुफीचा नवरा सरकारच्या मजुरांच्या पलटणीतून बसऱ्याला गेला, तो आलाच नाही. मेल्याची तार आली नाही, जिवंत असल्याची चिठ्ठी आली नाही. फुफी तेव्हा पंचविशीची होती. आता तिचे पुढचे दात पडले होते आणि विड्या वळून वळून बोटं वाकडी झाली होती. माजिदा कुरकुरली की फुफीचं एकच ठरलेलं असे, "मी नाही काढले दिवस?" आणि ती सुपातली पानं पुढे ओढी.

हेच तर माजिदाला नको होतं. रहेमान कल्हईवाल्याची बायको वारली होती, घरात लहान पोर होती. त्याने आपल्या बहिणीच्या हाती रीतसर निरोप पाठवला होता. माणूस सरळ होता, चांदवडच्या बाजाराला गेला की पोरीला शेजारणीकडे ठेवायचा आणि परतताना दोघींसाठी काही ना काही आणायचा. तो थांबायला तयार होता. त्याची बहीण नव्हती. तिने येवल्याची एक मुलगी बघून ठेवली होती आणि बकरी ईदपर्यंतची मुदत दिली होती. माजिदाला रहेमान हवा होता. स्वतःचं घर हवं होतं. यात लाजण्यासारखं काय आहे हे तिला अजून कुणी समजावून सांगितलेलं नव्हतं.

त्या दिवशी ती मौलवींच्या ओसरीवरून उतरली आणि घरी गेलीच नाही. तिने मनाशी आठवून पाहिलं. अकबरबरोबर लहानपणी गोट्या खेळलेला चक्कीवाला. तालमीचा उस्ताद. दूध बाजारातला शिंपी. आणि कापूस पिंजणारा बाबू पिंजारी, ज्याची आणि अकबरची सुंता एकाच दिवशी झाली होती. गावात आणखीही होते, पण हे चौघे हाताशी होते.

ती चक्कीवर गेली. दळण घेऊन नाही, रिकाम्या हाताने.

"सलाम, भाई. तब्येत कशी आहे?"

"अल्लाहचा शुक्र आहे," चक्कीवाला म्हणाला. "का?"

"काही नाही. सहज."

दुसऱ्या दिवशी तिने उस्तादाला विचारलं. मग शिंप्याला. मग बाबू पिंजाऱ्याला, जो कापसाच्या धुरळ्यात बसून दिवसभर खोकायचा. मग पुन्हा चक्कीवाल्याला. दुपार कलून असरची नमाज झाली की ती डोक्यावरून ओढणी घेऊन निघायची आणि एकेका दुकानासमोर उभी राहून अगदी अदबीने विचारायची, तब्येत कशी आहे. चौथ्या-पाचव्या खेपेला शिंप्याने सुई खाली ठेवली आणि चिडून विचारलं, हे काय चाललंय. माजिदाने त्याला मसला सांगितला. मौलवींनी सांगितला होता तसाच, शब्दाला शब्द.

"तुम्ही सगळे गेल्याशिवाय माझी सुटका नाही," ती म्हणाली. "म्हणून विचारते."

मग काय, गल्लीत बोंब झाली. उस्तादासारखा पहिलवान गडी, पण माजिदा दिसली की तालमीत शिरून कडी लावू लागला. चक्कीवाल्याच्या आईने त्याच्या दंडाला तावीज बांधला. बायांनी नळावर माजिदाला डाकीण म्हणायला कमी केलं नाही. फुफीने तिला घरात कोंडून पाहिलं, रडून पाहिलं. माजिदा म्हणायची, मी कुणाला शिव्या देते का, शाप देते का? तब्येत तर विचारते. आणि हे म्हणताना तिला मनातून गंमत वाटायची, खोटं कशाला सांगा. सात वर्षं सगळ्यांनी तिच्याकडे कानाडोळा केला होता. आता तिला येताना पाहून बाप्ये रस्ता बदलत होते.

आणि मग बाबू पिंजाऱ्याला ताप भरला.

साधा ताप नव्हता. डॉक्टर आला, मान हलवून गेला. बाबूची बायको अमिना पोटुशी होती. ती माजिदाच्या दारात आली, पण तिने भांडण काढलं नाही. उंबऱ्याशी बसली आणि म्हणाली, "माजिदा, त्याला माफ कर. त्याने तुझं काय वाकडं केलंय?" एवढं बोलून ती उठून गेली.

माजिदा हातातली विडी तशीच धरून बसली. बाबूच्या तापाची खबर तिला सकाळीच कळली होती, आणि खबर ऐकताच तिच्या पोटात काहीतरी सुखावलं होतं. क्षणभरच. पण सुखावलं होतं. तिने ते ओळखलं आणि तिला स्वतःची किळस आली. रोज पाच वेळा कपाळ टेकणारी बाई शेजाऱ्याच्या मरणाची वाट बघत होती. तिला हे शिकवलं कुणी? तिची गंमत ओसरली. उरला तो निव्वळ राग, आणि तो बाबूवर नव्हता.

त्या शुक्रवारी जुम्म्याची नमाज सुटली तेव्हा ती मशिदीच्या पायऱ्यांखाली उभी होती. बाया तिथे उभ्या राहत नसत. पुरुष खाली मान घालून बाजूने निघू लागले. मौलवी बाहेर आले तशी ती पुढे झाली.

"मौलवीसाब, एक मसला विचारायचाय. बाबू पिंजारी बिछान्यावर आहे. मी त्याच्यासाठी दुआ काय मागू? तो बरा व्हावा म्हणून मागू, की माझा निकाह व्हावा म्हणून मागू? दोन्ही एकदम मागता येत नाहीत. किताबात काय लिहिलंय ते सांगा. तुम्ही म्हणाल ते मी मागते."

माणसं थांबली. चक्कीवाला थांबला, शिंपी थांबला.  पंचवीस वर्षं लोकांना नमाजेआधीच्या वजूपासून वारसाहक्कापर्यंत उत्तरं देत आलेले मौलवी आपल्या चपला शोधू लागले.

"सांगा ना, मौलवीसाब," शिंपी म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "आमच्याच जिवावरचा मसला आहे. दुसरी वाट नाही का काही?"

मौलवींनी पायात सरकवलेली चप्पल काढून ठेवली. मग हळूच म्हणाले, "आहे."

उत्तरेकडच्या मोठ्या आलिमांनी, म्हणजे धर्मपंडितांनी, काही वर्षांमागे तोड काढली होती. अशा बाईने आपल्या पंथाचं सोडून इमाम मालिक यांच्या पंथाच्या मताप्रमाणे वागावं. चार वर्षं वाट बघावी. आणि काझी नसेल तिथे मुसलमान पंचांनी बसून फैसला द्यावा. मौलवींना हे सारं ठाऊक होतं.

"मग मला का नाही सांगितलं?"

"ही वाट कळली तर रोज एक बाई दारात उभी राहील," मौलवी म्हणाले. "आलिमांनी ती काढली तीसुद्धा नाइलाजाने. तिकडे अशा बाया निकाह तुटावा म्हणून दीनच, आपला धर्मच, सोडू लागल्या होत्या."

"म्हणजे मी दीन सोडायची धमकी दिली असती तर तुम्ही सांगितलं असतं," माजिदा म्हणाली. "मी दीन धरून बसले, म्हणून सब्र."

शिंप्याने तिथेच मौलवींना विचारलं, पंच कधी बसवताय.

पंच बसायला बाबूचा ताप उतरेपर्यंत वेळ गेला, कारण बाबूने हट्टच धरला की पंचांत मी बसणार. मौलवींची ओसरी, मधे पडदा. इकडे मौलवी, चक्कीवाला आणि शाल पांघरलेला बाबू. पडद्याआड माजिदा आणि सोबतीला फुफी. साक्षी झाल्या. मौलवींनी फैसला वाचला: आजपासून चार वर्षं.

"आजपासून?" माजिदाने विचारलं. "आणि झाली ती सात वर्षं?"

"ती धरता येत नाहीत. पंच बसतात तेव्हापासून मोजायचं असतं."

"पंच तुम्ही बसवले नाहीत."

 मौलवी खाकरून म्हणाले, आणखी एक सवलत आहे. बाईने आपल्या हातून गुनाह होईल अशी भीती असल्याचं पंचांपुढे सांगितलं, तर एका वर्षावर भागतं. ओसरीवर सगळेच अवघडले. कुठली भली बाई परक्या पुरुषांना असं सांगेल?

"लिहा," माजिदा पडद्याआडून म्हणाली. "पण तुमच्या मनात आहे तो गुनाह नाही. बाबूभाईला ताप आला तेव्हा मला बरं वाटलं. एका माणसाच्या मरणाने मला बरं वाटलं असतं. चार वर्षं मला अशीच ठेवलीत तर मी काय होईन, त्याची मला भीती वाटते. याहून मोठा गुनाह किताबात असेल तर दाखवा."

बाबूने शाल सारखी केली. "लिहा, मौलवीसाब," तो म्हणाला. "एक वर्ष लिहा. मी सही करतो."

चक्कीवाल्यानेही मान हलवली. मौलवींनी लिहिलं. रहेमानची बहीण वर्षभर थांबेल की नाही, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मौलवींनी कागद वाळायला ठेवला आणि टाक पुसायला घेतला.

"माझंही लिहा," पडद्याआडून आवाज आला. तो माजिदाचा नव्हता.

मौलवी गोंधळले. "तुमचं काय लिहायचं, रोशनबी? या वयात निकाह…"

"निकाह कुणाला करायचाय?" रोशनबी ताडकन म्हणाली. "वीस वर्षं मला सुहागन म्हणून हातात बांगड्या घालायला लावल्या. तो मेला, हे मला कधीचं कळलंय. पण रडले की तुम्हीच म्हणायचात, जित्याला रडू नये. मला त्याच्या नावाने इद्दतीला बसायचंय. मला रडायचं राहिलंय, मौलवीसाब. लिहा."

 मग मौलवींनी नवा कागद घेतला आणि टाक दौतीत बुडवला. पण त्यांचा हात तसाच अडला. त्यांनी चक्कीवाल्याकडे पाहिलं, चक्कीवाल्याने बाबूकडे. पुढे लिहायचं ते नाव तिघांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं.

नवऱ्याचं नाव बायकोने घ्यायची रीत नव्हती. रोशनबीने ते घेतलं, मोठ्याने, आणि मौलवींना नीट ऐकू आलं की नाही म्हणून पुन्हा एकदा घेतलं.