चष्मेवाल्या आजोबांचा हिरवा दिवा

मी चौकातला एक जुना सिग्नल आहे. रोज हजारो माणसे माझ्याकडे बघतात, पण ती मी लाल झाल्यावर, कपाळाला आठ्या घालून. हिरव्या दिव्याचे आभार आजवर कोणी मानलेले नाहीत, मित्रांनो.

एका कारखान्यात माझा जन्म झाला. लोखंडी खांब, रंगीत काचा आणि पायथ्याशी कुलूपबंद पेटी, एवढाच माझा संसार. त्या पेटीची किल्ली आमच्या हवालदारांकडे असे.

चौकाच्या अलीकडे चष्मेवाले आजोबा राहतात आणि पलीकडे त्यांची थोरली बहीण. आजोबांनी जन्मभर लोकांना चष्मे विकले, पण ताईंची नजर गेली तेव्हा दुकानातली एकही काच कामी आली नाही. म्हणून ते रोज दुपारी वर्तमानपत्र काखेत मारून तिच्याकडे जात आणि मोठ्याने वाचून दाखवत. मग बातम्यांवरून दोघे कडाकडा भांडत. भांडण माझ्यापर्यंत ऐकू येई. आजोबा काठी टेकत कसे चालतात ते हवालदारांनी पाहिले आणि पेटी उघडून पादचाऱ्यांचा हिरवा दिवा त्यांच्या चालीला पुरेल असा करून दिला. तेव्हा मला माझ्या कामाचा अभिमान होता.

पुढे हवालदारांची बदली झाली आणि कृत्रिम बुद्धिमत्ता आली. माझ्या डोक्यावर कॅमेरा बसला. शहरातले सगळे सिग्नल दूरच्या एका यंत्राच्या तालावर नाचू लागले. तेच यंत्र चालकांना फोनवरून सांगे, इकडून जा, तिकडे वळा. खोटे कशाला बोलू, गाड्यांचा खोळंबा कमी झाला. रुग्णवाहिका येण्याआधीच मी हिरवा होऊ लागलो. वर्तमानपत्रात कौतुक छापून आले, आणि ते आजोबांनीच ताईंना वाचून दाखवले.

पण यंत्राचा हिशेब असा, की पायी चालणाऱ्यांची गर्दी असेल तर वेळ जास्त, एकटा असेल तर कमी. आजोबा निम्म्या रस्त्यात पोचत आणि मला लाल व्हावे लागे. मग ते दुभाजकावर जीव मुठीत धरून उभे राहत. मला सगळे दिसत होते, पण दिवा माझा आणि हुकूम दुसऱ्याचा. नुसती चिडचिड होई.

आजोबांनी तक्रार केली. इंजिनीअर मॅडम चार-पाच सहकाऱ्यांना घेऊन पाहणीला आल्या. बाई भल्या होत्या. त्यांनी आजोबांना नेहमीसारखे चालायला सांगितले आणि काळजीपोटी सगळा लवाजमा त्यांच्याभोवती चालू लागला. झाले! कॅमेऱ्याला गर्दी दिसली आणि यंत्राने मला भरपूर वेळ हिरवे ठेवले. अहो, बाजूला व्हा, त्यांना एकट्याला जाऊ द्या, असे मी मनातल्या मनात ओरडत होतो.

"बघा आजोबा, व्यवस्थित चाललंय की," मॅडम म्हणाल्या.

"तुम्ही रोज याल का सोबत?" आजोबांनी विचारले. सगळे हसले, गाडीत बसले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी आजोबा पुन्हा अर्ध्यातच अडकले. एक मोटारसायकल इतकी जवळून गेली, की काठी हातातून सुटली आणि मागच्या गाडीखाली मोडली. त्यानंतर ते यायचे बंद झाले. दुपारी ते आपल्या खिडकीत बसत आणि समोर ताई दाराशी कान देऊन बसत.

शेवटी सुनेने तोडगा काढला. समोरच्या घरी जायला ती आता त्यांना गाडीतून नेते. फोन त्यांना पुढच्या पुलाखालून भला मोठा वळसा घालायला लावतो. पण गाडी चौकात आली, की यंत्र मला लगेच हिरवे करते.

परवा गाडीची काच खाली होती. आजोबा माझ्याकडे बघत सुनेला म्हणाले, "पायी जायचो तेव्हा हा माझ्यासाठी थांबत नव्हता. आता गाडीत बसलो, तर लगेच ओळख दाखवतो."

मला मान खाली घालता येत नाही, मित्रांनो, नाहीतर तेव्हा घातली असती. तुम्ही मोठे व्हाल, माझ्यासारख्यांसाठी नवी यंत्रे बनवाल. तेव्हा पाहणीला जरूर या. पण लांब उभे राहा, आणि म्हाताऱ्या माणसाला एकट्याने रस्ता ओलांडू द्या. तो पलीकडे पोचला, तरच माझे कौतुक छापा.