टण् आणि बद्द

टण्.

आतून झिजलेली चांदीची अंगठी.

नऊशे ऐंशी. आठशे वीस.

खणातला न उघडलेला डबा.

बद्द.

मी एक जुने चाक आहे, मित्रांनो. डोंगरावर चालवायच्या सायकलचे पुढचे चाक, ॲल्युमिनियमचे. सायकल दुरुस्तीच्या दुकानात मी खुंटीवर लटकलेला असतो. शेजारच्या खुंटीवर कार्बनचे चाक आहे, मोडलेले. वारा आला की त्याचा सुटलेला स्पोक माझ्यावर घासतो. कर्र. मग मला पहिल्यापासून सगळे आठवू लागते.

मला दुकानाच्या मालकांनी बांधले. त्यांची मुलगी त्यांना बाबा म्हणते, म्हणून मीही म्हणतो. बत्तीस स्पोक त्यांनी एकेक करून ओवले, ताणले, आणि मग डोळे मिटून बोटातल्या चांदीच्या अंगठीने माझी कड ठोकली. टण्!

"बोलतंय बघ," ते मुलीला म्हणाले.

गिऱ्हाइके तिला ताई म्हणत. पाच वर्षे मी ताईला डोंगर उतरवले. दगडावर आपटलो की मला पोचा यायचा, तो दिसायचा, बाबा तो ठोकून सरळ करायचे. असे सात पोचे आहेत माझ्या अंगावर. मला त्यांचा अभिमान होता.

मग शर्यतींचे दिवस आले आणि ताईला कार्बनचे चाक हवेसे झाले. बाबांनी घरातून आत्याचा पिठाचा काटा आणला.

"दादा, माझ्या काट्याला ग्रीस लागलं तर बघ हं!" आत्या आतून ओरडली.

मी नऊशे ऐंशी ग्रॅम भरलो. ते आठशे वीस.

"हे एकशे साठ ग्रॅम चढावर मानगुटीवर बसतात, बाबा."

"ॲल्युमिनियम रडून सांगतं कुठं लागलंय ते. हे घुम्यासारखं गप्प बसतं आणि एकदम मोडतं."

"मग तुम्ही आहात ना ऐकायला!" ताई हसली.

बाबाही हसले. जरा उशिराने.

ते चाक वाईट नव्हते, मित्रांनो. खुंटीवरून मी त्याला आत-बाहेर जाताना बघायचो. काळे, तुळतुळीत, हलके. शर्यतीच्या चार दिवस आधी सरावात ते खडकावर आपटले. वरून ओरखडासुद्धा नाही. शर्यतीच्या आदल्या दुपारी ताईने ते बाबांकडे सोपवले आणि ती बॅग भरायला वर गेली. बाबांनी टायर उतरवला, डोळे मिटले आणि अंगठीने ते गोल ठोकत गेले.

टण्. टण्. टण्. बद्द. टण्.

मी ऐकले. बद्द म्हणजे आत तडा. मला वाचा असती तर!

"ठणठणीत आहे गं!" बाबांनी जिन्याकडे बघून सांगितले.

थांबा, एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. बाबांना कमी ऐकू येऊ लागले होते. डॉक्टरांनी दिलेले कानाचे यंत्र डब्यासकट माझ्या खुंटीखालच्या खणात पडून होते. गिऱ्हाइकांना कळले तर, ही भीती.

शर्यतीत, उतारावर, ते चाक मोडले. ताईचा गुडघा फुटला.

"माझंच चुकलं," ती खाटेवरून म्हणायची. "हलकंच हवं म्हणून मीच हट्ट धरला."

बाबा रोज दुपारी दुकानाचे दार लोटून घेत, मला कानाशी धरत आणि ठोकत. मी जीव तोडून वाजायचो. ते पुन्हा ठोकायचे.

पण पडून राहिलेल्या माणसाला घर ऐकू येते. दाराची घंटा वाजायची, बाबा हलायचे नाहीत. आत्या हाका मारायची, बाबा भलतेच उत्तर द्यायचे. ताईने हे दोन महिने ऐकले.

परवा ती काठी टेकत दुकानात आली. तिने मला खुंटीवरून काढले.

"बाबा, वाजवा ना. यावरच पुन्हा सुरुवात करते."

बाबांनी डोळे मिटले. ताईने मला दोन्ही पंजांत गच्च आवळले. अंगठीचा ठोका पडला.

बद्द. माझ्याच अंगातून!

"ठणठणीत आहे," बाबा म्हणाले.

ती त्यांच्या कानाशी वाकली. "मी आवळून धरलं होतं, बाबा. बद्द वाजलं."

बाबांनी डोळे उघडले आणि तिच्या पंजांकडे पाहिले.

"मला सांगायचंत ना."

"बहिऱ्याच्या हाती चाक कोण देईल, बाळा?"

"मी दिलं असतं. ऐकायला फक्त आत्याला उभं केलं असतं."

बाबांनी खण उघडला. डबा फोडून यंत्र कानात बसवले. मग त्यांनी मला नाही, शेजारच्या मोडक्या चाकाला ठोकले. बद्द. बद्द. बद्द. ते थांबेनात. शेवटी ताईने त्यांचा हात धरला.

तिची काठी सुटली की मी पुन्हा डोंगरावर जाईन. पण कर्र काही थांबलेली नाही.

मित्रांनो, चाक हलके घ्या, जड घ्या, पण निघण्याआधी वाजवून बघा. आणि जो वाजवून बघतो, त्याच्याजवळ बसून त्यालाही कधीतरी मायेने विचारा, ऐकू येते ना?

ताई पडली त्या वळणाला, त्या हलक्या चाकावर, ती सगळ्यांच्या पुढे होती.