जोएलच्या गोलामागे

सकाळी हातमोजे पिशवीत कोंबताना जोएल म्हणाला होता, "आई, आजची मॅच खेळतो आणि बास. मॅनेजरला सांगून टाकतो." ग्लेनिसने "बरं" म्हटलं आणि टोस्टला लोणी लावत राहिली. पण हॅल्बी टाऊन क्लबच्या पाठीराख्यांची मिनीबस मार्शविकला निघाली, तरी ते "बरं" तिला टोचत होतं.

त्यामागचं कारण सगळ्यांनाच ठाऊक होतं. मागच्या शनिवारी घरच्या मैदानावर आपल्याच बचावपटूने हळूच मागे दिलेला चेंडू जोएलच्या पायांमधून जाळीत गेला आणि हॅल्बी चषकातून बाहेर पडली. तेवढं कुणाचंही होतं. पण मॅच संपल्यावर तो मान खाली घालून आत जात असताना कठड्यापाशी कुणीतरी म्हणालं, "याच्यापेक्षा गोलमध्ये माझी गंजकी सायकल उभी करा, निदान मध्ये तरी येईल." सगळे खो खो हसले. दीडशे माणसांच्या मैदानात असं बोलणं वाऱ्यावर विरत नाही, ज्याचं त्याला बरोबर ऐकू जातं.

बोलला होता लेन पर्किस. निवृत्त पोस्टमन, हॅल्बीचा ढोल त्याच्याच गळ्यात असतो. आत्ता तो बसमध्ये मागच्या बाकावर ढोल मांडीवर घेऊन खिडकीबाहेरच्या कोबीच्या शेतांकडे असा बघत होता, की जणू सगळी शेतं त्याला विकतच घ्यायची होती. अर्ध्या वाटेत त्याने अंड्याच्या सँडविचचा डबा पुढे धाडला. ग्लेनिसने "नको, पोट भरलंय" म्हणून परत पाठवला. पोट काही भरलं नव्हतं.

"तो दोन दिवस घराबाहेर पडला नाही म्हणे," बस चालवणारी डोरीन हळूच म्हणाली.

"कोण, जोएल?"

"लेन गं. जोएलचं मी कशाला सांगू तुला?"

ग्लेनिसला ते पटलं नाही. घरात बसून राहायला लेनला काय झालं होतं, एकोणीस वर्षांचं तिचं पोर मात्र रात्र रात्र छताकडे बघत पडलं होतं. खेळ सुटला तर सुटू दे, पण आपल्यावर हसतात म्हणून सुटला, हे त्याच्या मनात आयुष्यभर राहील, याची तिला धास्ती वाटत होती.

मार्शविकचं मैदान समुद्राच्या बांधाला टेकून आहे. फेब्रुवारीतला वारा तिथे माणसाला न विचारता कोटात शिरतो. क्लबच्या खिडकीतून सगळ्यांनी खिमा भरलेले गरम मीट-पाय आणि चिप्स घेतले, वर वाटाण्याचा हिरवा लगदा, आणि डोरीनने आपल्या मैदानावरच्या मीट-पायपेक्षा हा बरा, असा निकाल दिला. मग लेन आणि बाकीचे सहाजण चादरीवर रंगवलेला हॅल्बीचा फलक घेऊन बांधाकडच्या गोलामागे गेले. आपला संघ ज्या गोलावर चढाई करणार, त्याच्यामागे उभं राहायचं आणि मध्यंतराला बाजू बदलायची, हा त्यांचा रिवाज. ग्लेनिस नेहमीच उलट्या दिशेला जायची. ती गोलकीपरची आई, ती आपल्या गोलामागे. नऊ वर्षं ती प्रत्येक शनिवारी त्या बाजूला एकटीच उभी राहत आली होती आणि तिला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. आज वाटलं.

नाणेफेक मार्शविकने जिंकली. पाहुण्यांनी फलक नीट ताणून बांधलाय हे बघून त्यांच्या कप्तानाने मुद्दाम बाजू बदलून घेतली. जोएल पाण्याची बाटली घेऊन बांधाकडच्या गोलात निघाला, आणि ग्लेनिसही कठड्याकडेने त्याच्यामागे चालू लागली. वाटेत समोरून ढोल, फलक, सगळी वरात येणार, आपण अंग चोरून जागा द्यायची, हे ठरलेलंच होतं. पण ती कोपऱ्यावर वळली तरी कुणीच आलं नाही.

लेन फलकाच्या दोरीपाशी गुडघे टेकून बसला होता.

"गाठ बसलीय," तो वर न बघता म्हणाला. "सुटतच नाही. आता इथेच थांबावं लागणार."

"चाळीस वर्षं टपालाचे गठ्ठे सोडलेस तू," डोरीन म्हणाली, "आणि आज ही—"

"डोरीन, तू तुझ्या चिप्स खा."

ग्लेनिस कठड्याला टेकून उभी राहिली. तिच्या दोन्ही अंगांना माणसं होती, त्यामुळे वाराही जरा कमी लागत होता. पस्तिसाव्या मिनिटाला पार पलीकडे गर्दी झाली आणि हॅल्बीचे निळे शर्ट एकमेकांवर चढले.

"गेला का आत?"

"नाचतायत ना, म्हणजे गेला."

"मारला कुणी?"

कुणालाच दिसलं नव्हतं. हॅल्बीचा गोल कुणी केला हे हॅल्बीच्याच लोकांना माहीत नाही, असं पहिल्यांदाच झालं. तरी लेनने ढोल बडवून घेतला.

मध्यंतराला जोएल क्लबकडच्या गोलाकडे गेला. आता खरं तर हलायचंच नव्हतं, चढाई याच गोलावर होणार होती. लेनने दोरीला एक हिसका दिला, गाठ चटकन सुटली. "इथे वारा फार आहे," तो म्हणाला आणि ढोल सावरत निघाला. त्या बाजूला वारा थेट तोंडावर येत होता. तरी सगळे ग्लेनिसबरोबर चालले.

दहा मिनिटं उरली असताना मार्शविकचा कॉर्नर आला. जोएल पुढे झेपावला, चेंडू हातात आला आणि साबणासारखा निसटला. एकास एक. जोएल चिखलात गुडघ्यांवर बसून राहिला. मार्शविकचे लोक हसत होते. ग्लेनिसने शेजारच्या रांगेकडे बघितलं. आता इथूनही कुणीतरी काहीतरी बोलणार, आणि मग संपलंच.

लेनने ढोल खाली ठेवला आणि तो कठड्यावरून वाकला.

"जोएल, मागच्या शनिवारी बोललो तो मी. गाढवपणा केला. ऊठ पोरा."

जोएल वळला. मॅच चालू असताना तो मागे कधीच बघत नसे, फक्त वेळ विचारायचा, कारण या मैदानांवर घड्याळ नसतं आणि मागे आई असायची. त्याने लेनकडे बघितलं, मग सगळ्या रांगेकडे.

"किती राहिलेत?" त्याने विचारलं.

आठ मनगटं एकदम वर झाली आणि पाचपासून बारापर्यंत सगळे आकडे आले. जोएल हसला. आठ दिवसांत ग्लेनिसने ते हसू बघितलं नव्हतं. तिला रडू आलं आणि तिने ते वाऱ्यावर ढकललं.

शेवटच्या मिनिटाला एक सणसणीत फटका डाव्या कोपऱ्यात आला. जोएलने तो बोटांच्या टोकांनी खांबाबाहेर घालवला. शिट्टी झाली. बरोबरी, गुणतक्त्यात एक गुण, बाकी काही नाही. पण बसकडे जाताना सगळे चषक जिंकल्यासारखे बडबडत होते.

ओल्या केसांनी जोएल आईपाशी आला. पलीकडे मॅनेजर गाडीत सामान भरत होता. जोएलने एकदा त्याच्याकडे बघितलं, पण जागचा हलला नाही.

"सांगितलंस का त्याला?" ग्लेनिसने विचारलं.

"हो, मघाशी आतच. मंगळवारी सरावाला अर्धा तास आधी येतो म्हटलं. माझ्याकडे कॉर्नरचे चेंडू मारायला कुणीतरी लागेल ना."