पाटी कोणी लावली?

मी पाटी बोलतेय. दुकानावरची नाही आणि शाळेतली तर नाहीच नाही. हॉटेलच्या खोलीच्या दाराला, बाहेरच्या मुठीवर जी लांबोडकी पुठ्ठ्याची पाटी लटकत असते ना, ती मी. माझ्या एका बाजूला लाल अक्षरांत लिहिलंय, 'कृपया त्रास देऊ नका'. दुसऱ्या बाजूला हिरव्या अक्षरांत, 'कृपया खोली साफ करा'. या दोन वाक्यांवर मी आयुष्य काढलं आणि या दोन वाक्यांपायीच मला जन्मभराचा मनस्ताप झाला. आज मी स्पष्ट बोलणार आहे. कुणाला राग आला तर येऊ दे.

माझा जन्म छापखान्यातला. एका मोठ्या पुठ्ठ्यावर आम्ही सगळ्या बहिणी एकत्र छापल्या गेलो, मग कापून वेगळ्या झालो. वरून प्लॅस्टिकचं पातळ आवरण बसलं आणि मुठीत अडकवायला वरच्या बाजूला गोल भोक पडलं. त्या भागाला मी माझी मान म्हणते. गठ्ठा बांधणारा माणूस म्हणाला होता, "चालल्या हॉटेलात राहायला! मजा आहे बुवा यांची." मजा! त्या गृहस्थाला आठवडाभर त्या मुठीला टांगून ठेवायला हवं होतं.

मी गेले शहरातल्या एका चार मजली हॉटेलात. तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टपासून पाचवी खोली माझी. पाहुणे येत, जात. मी तिथेच.

आणि काय एकेक पाहुणे! एकाने मला लाल बाजूने लावलं, चार दिवस तसंच ठेवलं आणि पाचव्या दिवशी खाली जाऊन आरडाओरडा केला, "चार दिवस खोलीत झाडू फिरला नाही!" अहो, तुम्हीच तर नको म्हणालात. एका बाईंनी माझ्यावर कुणाचा तरी फोन नंबर लिहून ठेवला. एका सभ्य दिसणाऱ्या गृहस्थाने मला भिंतीवर आपटून डास मारले. लाल काय नि हिरवं काय, वाचतो कोण? घरी पायपुसणंसुद्धा सरळ करून ठेवणारी माणसं इथे पांढऱ्या टॉवेलने बूट पुसायची, चहाच्या ओल्या पिशव्या उशीवर टाकायची आणि वर नाक मुरडून म्हणायची, "स्वच्छता काही खास नाही."

हे सगळं निस्तरायचं कुणी? तर मावशींनी.

मावशी म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या खोल्या आवरणाऱ्या बाई. वय पन्नाशीच्या पुढचं, गुडघे दुखरे, पण चादर अशी ताणून घालायच्या की एक सुरकुती सापडणार नाही. मॅनेजरपासून धोब्यापर्यंत सगळे त्यांना मावशी म्हणत. तोंडाने मावशी, बाकी वागणूक मोलकरणीची. हॉटेलचा एक नियम होता: पाहुण्यांच्या तीन तक्रारी आल्या की काम संपलं. कुणाची चूक, कशाची तक्रार, ते बघायचं नाही. नुसत्या मोजायच्या. मावशींच्या नावावर दोन होत्या.

पहिली तक्रार उशी फार मऊ असल्याची होती. उशी काय मावशींनी पिंजली होती? दुसरी मात्र माझ्यामुळे झाली आणि ती मला अजून टोचते. वर्षानुवर्षं खसकन ओढून माझी मान फाटली होती. एका सकाळी मी मुठीवरून निसटून खालच्या गालिच्यावर पडले. मावशींना दारावर पाटी दिसली नाही, त्यांनी दार वाजवलं. आतला पाहुणा झोपेतून उठून असा अंगावर आला की पूर्ण मजला गोळा झाला. मी त्याच्या पायाशीच पडले होते. कुणी खाली बघेल तर शपथ.

त्यानंतर महिनाभराने माझ्या खोलीत आजोबा आले.

सत्तरी ओलांडलेले, अंगाने काटकुळे. डोळे तपासायला दूरच्या गावाहून आलेले. खरं तर मुलाचं घर याच शहरात, हॉटेलपासून वीस मिनिटांवर. पण मुलाने बॅग खोलीत ठेवत सांगितलं, "बाबा, घरी रंगकाम काढलंय. तो वास तुम्हाला सोसणार नाही. चार दिवस इथे आरामात राहा."

चार दिवसांचे बारा झाले. आजोबा रोज सकाळी नऊला स्वतःच दार उघडायचे, वापरलेला टॉवेल घडी करून मावशींच्या हातात द्यायचे आणि विचारायचे, "मावशी, भिंतीचा रंग वाळायला किती दिवस लागतात हो?"

"आमच्याकडे दोन दिवसांत वाळला होता, आजोबा."

"यांचा भारीतला असेल," असं म्हणून ते स्वतःच हसायचे.

आजोबा पुस्तकं बांधायचे. पन्नास वर्षं हाच धंदा. उसवलेली, वाळवी लागलेली, पाठ मोडलेली पुस्तकं त्यांच्या हातून धडधाकट होऊन जायची. त्यांनी पहिल्याच दिवशी मला मुठीवरून काढून हातात घेतलं, दोन्ही बाजू वाचल्या आणि विचारलं, "ही कशाला हो?" मावशींनी समजावून सांगितलं. सांगता सांगता माझी फाटकी मान दाखवली आणि दुसऱ्या तक्रारीची हकीकतही सांगितली.

"हात्तिच्या! एवढ्यासाठी तुमच्या कामावर गदा?" आजोबा म्हणाले. त्यांनी स्वतःच्या जुन्या रुमालाची बोटभर पट्टी फाडली, खाली जाऊन गोंद मागून आणला आणि माझ्या मानेला दोन्ही बाजूंनी ती पट्टी चिकटवली. वरून सुईदोऱ्याने चार टाके घातले. एवढ्या आयुष्यात मला ओढणारे हात पुष्कळ भेटले, दुरुस्त करणारे हे एकच. मग त्यांनी मला टेबलाच्या खणात ठेवलं. "तू इथेच पड बाई. माझ्याकडे माणसं येऊ नयेत असं मी कशाला लिहून लावू? इथे आधीच कोण येतंय?"

मावशी हे ऐकत होत्या. हे लक्षात ठेवा.

तेराव्या दिवशी सगळं बिनसलं. आदल्या संध्याकाळी आजोबा खाली सोफ्यावर बसले होते, तिथे एका माणसाने त्यांच्या मुलासारखंच कंपनीचं ओळखपत्र गळ्यात घातलेलं त्यांना दिसलं. आजोबांनी हौसेने ओळख काढली. तो माणूस मुलाच्याच कचेरीतला निघाला. म्हणाला, "रंगकाम? छे हो! परवाच त्यांच्याकडे जेवायला होतो आम्ही पंधरा जण."

सकाळी आठला मुलगा तरातरा वर आला. खण जरासा उघडा होता, मला सगळं ऐकू येत होतं. वाटलं होतं, पाय धरेल, निदान खाली मान घालेल. कसलं काय! उलट बापावरच डाफरला, "तुम्हाला कुणी सांगितलं होतं वाटेल त्याच्याशी बोलायला? त्याने रात्रीच सगळ्या कचेरीला फोनवर कळवलं, माझं हसं झालं. आज कुठेही जायचं नाही, कुणाला आत घ्यायचं नाही!"

आजोबा एवढंच म्हणाले, "घर रंगवायचं नव्हतं तर नको होतं रे सांगायला. मी गावीच राहिलो असतो."

टेबलावर कागद शोधता शोधता मुलाचा हात खणात गेला आणि मी त्याच्या हाताला लागले. जाताना त्याने दार ओढलं आणि लाल बाजू बाहेर करून मला मुठीवर लटकवलं. स्वतःच्या बापाच्या दारावर! मला तेव्हाच गळून पडायचं होतं. पण पडणार कशी? आजोबांनी टाके पक्के घातले होते. त्यांच्याच रुमालाच्या पट्टीने मी त्यांचं दार अडवून उभी राहिले. तो संताप कुणाला सांगू?

थोड्या वेळाने आत न्हाणीघरात काहीतरी धपकन पडलं. मग काही नाही.

लोक ये-जा करत होते. नाश्त्याची गाडी आली, मला वाचून पुढे गेली. शेजारच्या खोलीचा पाहुणा शीळ घालत गेला. नऊला मावशी आल्या आणि थबकल्या. नियमाप्रमाणे पुढची खोली आवरायला गेल्या, परत आल्या. पुन्हा गेल्या, पुन्हा आल्या. बारा वाजता त्यांनी किल्ल्यांचा जुडगा हातात घेतला, तेवढ्यात मजल्याच्या सुपरवायझर बाई आल्या.

"मावशी, डोळे फुटलेत का? लाल पाटी आहे. दोन तक्रारी झाल्यात तुमच्या."

"बाई, हे आजोबा पाटी लावणाऱ्यांतले नव्हेत."

"मग काय भुताने लावली?"

"कुणी लावली ते मला ठाऊक नाही. पण त्यांनी नाही लावली, एवढं नक्की."

मावशींनी दार वाजवलं. हाका मारल्या, "आजोबा, ओ आजोबा!" मग किल्ली फिरवली. मला माहीत होतं, त्या किल्लीबरोबर त्यांचं कामही पणाला लागलं होतं. त्यांनाही माहीत होतं.

आजोबा ओल्या फरशीवर चार तास पडून होते. खुब्याचं हाड मोडलेलं, आवाज बसलेला, अंग गार पडलेलं. मावशींनी त्यांच्यावर पांघरूण घातलं, डोकं मांडीवर घेतलं आणि सुपरवायझर बाईंना ओरडून दवाखान्याची गाडी बोलवायला लावली. डॉक्टर नंतर म्हणाले, संध्याकाळपर्यंत कुणी दार उघडलं नसतं तर माणूस हाती लागला नसता.

आता तुम्हाला वाटेल, मुलाने मावशींचे आभार मानले असतील. थांबा.

तिसऱ्या दिवशी मॅनेजरच्या खोलीत मावशींना बोलावलं. टेबलावर मला ठेवलं होतं, पुरावा म्हणून. शेजारी मुलाचा तक्रारअर्ज, त्यात लिहिलेलं: दारावर पाटी असताना ही बाई आत शिरली, चारचौघांनी वडिलांना तशा अवस्थेत पाहिलं, आमची अब्रू गेली. पडलेला बाप दिसला नाही त्याला, अब्रू दिसली! आणि समोर खुर्चीवर स्वतः हजर, फोनवर बोट फिरवत.

मॅनेजरने विचारलं, "पाटी दारावर होती की नव्हती?"

"होती, साहेब. पण ती आजोबांनी लावली नव्हती."

"मग कोणी लावली?"

मावशींनी मुलाकडे पाहिलं. मुलाने फोनवरून नजर वर केली नाही. एक शब्द, अहो एकच शब्द हवा होता! मी टेबलावर पडून मनात आकांत करत होते, लावणारा तुमच्यासमोर बसलाय, त्याला विचारा! पण मला दोनच वाक्यं येतात आणि दोन्हींचा त्या वेळी काही उपयोग नव्हता.

"तीन झाल्या," मॅनेजर म्हणाला. "आणि ही पाटी टाकून द्या, फाटकीच आहे. पुढच्या महिन्यात पाट्यांऐवजी दारांवर लाल-हिरवे दिवे बसणार आहेत." मावशींनी मला उचलून पिशवीत ठेवलं.

तिथून त्या सरळ दवाखान्यात गेल्या. काम गेल्याचं त्यांनी आजोबांना सांगितलं नाही. पण पिशवीतून डबा काढताना मीही बाहेर आले आणि आजोबांनी आपले टाके ओळखले.

"ही तर खणात होती. ही दारावर लागली होती?"

मावशी गडबडल्या. "माझ्याच हातून लागली असेल, आजोबा. पुसायला बाहेर काढली आणि चुकून..."

काय ही बाई! जिने लावली नाही तिने आपल्या अंगावर घ्यायचं, का तर म्हाताऱ्याच्या जिवाला लागू नये म्हणून! आजोबांनी माझ्या टाक्यांवरून बोट फिरवलं.

"मावशी, पन्नास वर्षं पुस्तकं बांधलीत मी. मागाहून घातलेलं पान मला हाताला कळतं." मग सावकाश म्हणाले, "तुमचं काम गेलं ना?"

मावशींनी पदर डोळ्यांना लावला.

संध्याकाळी मुलगा आला. उशीशेजारी मला पाहून तो जागच्या जागी उभा राहिला. आजोबांनी आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, "रंग वाळला का रे?"

मुलाने इकडेतिकडे पाहिलं. "बाबा, तुम्ही आधी बरे व्हा, मग..."

"मी होईन बरा. तू असं कर. त्या हॉटेलात जा आणि पाटी कोणी लावली ते मॅनेजरला सांग. त्या बाईंचं काम त्यांना परत मिळू दे. मग माझ्याकडे ये. तोवर येऊ नकोस."

या गोष्टीला आता चार महिने झाले. आजोबांच्या धाकट्या बहिणीने त्यांना गावी आणलं. काठी टेकत का होईना, ते पुन्हा पुस्तकं बांधू लागलेत. माझ्या लाल अक्षरांवर त्यांनी कागद चिकटवला, त्यावर ठळक लिहिलं, 'हाक मारून आत या', आणि मला घराच्या दाराला टांगलं. मागच्या महिन्यात मावशी येऊन गेल्या. आता एका दवाखान्यात फरशा पुसतात. हॉटेलातून त्यांना कुणी बोलावलं नाही, म्हणजे तिथे जाऊन कुणी काही सांगितलेलं नाही. दारात पावलं वाजली की आजोबांचा गोंदाचा हात थांबतो. अजून तरी मुलगा आलेला नाही.

तुम्ही कुठल्या हॉटेलात उतरलात आणि शेजारच्या दारावर माझी एखादी बहीण बराच वेळ लटकलेली दिसली, तर नुसती वाचून पुढे जाऊ नका. आत कोण आहे आणि पाटी कोणी लावलीय, ते विचारा. एकदा हाक मारा. फार तर काय होईल, आतला माणूस तुमच्यावर खेकसेल. खेकसू दे.